कुलूप बदलू का? आणि भाड्याच्या घराचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही छापलं होतं की घरभाडं, नोटीस, ताबा ह्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, तर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळीकडून प्रश्नांचा पाऊसच पडला. साधारण निम्मे घरमालकांचे आणि निम्मे भाडेकरूंचे, आणि गंमत अशी की दोघांचीही तक्रार एकच, कायदा समोरच्याच्या बाजूने आहे! नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत. सगळं उत्तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ह्याला धरून आहे, तो ३१ मार्च २००० पासून लागू झालाय. गोव्याच्या दोन वाचकांनी पण लिहिलंय, पण तिकडचा कायदा वेगळा आहे, त्यांना इथलं उत्तर लागू करता येणार नाही.

प्रश्न : वकीलताई, कोथरूडला माझा वन बीएचके आहे. लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर केलेलं होतं, मुदत संपून चार महिने झाले, माणूस हलत नाही. आधी म्हणाला मुलीची परीक्षा होऊ दे, मग म्हणाला दुसरं घर बघतोय, आता फोनच उचलत नाही. डिपॉझिट भाड्यात वळतं होऊन संपलं. तो गावाला गेला की कुलूप बदलू का? सोसायटीतले सगळे म्हणतायत बदला, आम्ही आहोत पाठीशी.

नका बदलू. सोसायटीतले पाठीशी असतात ते पोलीस येईपर्यंत, नंतर जबाब द्यायला तुम्ही एकटेच. घर तुमचं, मुदत संपलेली, सगळं खरं, पण एकदा तुम्ही जबरदस्तीने ताबा घेतला की तो सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम ६ खाली दावा लावू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच कोर्ट बघत नाही, फक्त एवढंच बघतं की ह्याचा ताबा होता का आणि तो कायद्याच्या मार्गाने न जाता काढून घेतला का. म्हणजे ज्याला बाहेर काढलं त्यालाच परत आत घ्यायची पाळी, वर त्याने सांगितलं की कपाटात सोनं होतं तर ते निस्तरत बसा.

तुमच्यासाठी सरळ रस्ता आहे, तो म्हणजे भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही तर साध्या दिवाणी कोर्टात जायचं नाही, आपल्या विभागाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करायचा. सोबत रजिस्टर केलेला करार, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला त्या दस्ताचा उतारा), आणि घर तुमचं असल्याचा कागद. करारात जे लिहिलंय तो तिथे निर्णायक पुरावा धरतात, त्यामुळे 'साहेब आमचं तोंडी ठरलं होतं की अजून एक वर्ष राहायचं' हे तिथे फारसं चालत नाही. त्याला समन्स बजावला की ३० दिवसांत त्याने बाजू मांडायची परवानगी मागायची असते, नाही मागितली तर तुमचं म्हणणं मान्य धरून ऑर्डर होऊ शकते. आणि मुदत संपल्यापासून ताबा देईपर्यंत लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई, हे कायद्यातच लिहिलंय. ऑर्डरवर अपील नाही, फक्त पुनरीक्षणाचा (रिव्हिजनचा) अर्ज, तोही ९० दिवसांत.

दोन गोष्टी आजच बघा. मुदत संपल्यावर त्याने गुगल पे वर पैसे पाठवले असतील आणि खाली 'जूनचं भाडं' असं लिहिलं असेल आणि तुम्ही त्यावर अंगठा दाखवून मोकळे झाला असाल, तर लगेच एक लेखी कळवा की हे पैसे नवीन भाडं म्हणून नाही, विनापरवाना राहण्याची भरपाई म्हणून हक्क राखून घेतले आहेत. पुढचेही पैसे आले तर दर वेळी हेच. दुसरं, डिपॉझिट कोणत्या महिन्यात किती वळतं केलं त्याचा हिशोब तारखेसकट कागदावर काढा, वकिलाकडे गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तो तेच मागणार आहे.

कागदावर हे प्रकरण जलद आहे, प्रत्यक्षात कधी समन्स घेतच नाहीत, दाराला चिकटवावा लागतो, कधी अधिकाऱ्याची बदली होते. तरी नेहमीच्या दाव्याच्या मानाने खूप बरं. आणि हो, हा रस्ता राहत्या जागेपुरताच, दुकान किंवा ऑफिस लायसन्सवर दिलं असेल तर इथे येऊ नका.

प्रश्न : नाशिकला भाड्याने राहतो. करार ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलेला, ११ महिन्यांचा. एजंट म्हणाला वर्षाच्या आतला करार रजिस्टर करायची गरज नाही. आता मालकाला जास्त भाड्याचं गिऱ्हाईक मिळालंय म्हणून म्हणतोय ८ दिवसांत निघा. माझा कागद कोर्टात चालेल का?

एजंट अर्धवट ऐकलेलं सांगत होता. एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट केंद्राच्या नोंदणी कायद्यात आहे, पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि रजिस्टरच पाहिजे, महिने किती का असेनात. रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी मालकाची, आणि नाही केला तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रजिस्टर करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली ह्याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, उलटं सिद्ध होईपर्यंत. म्हणजे कागद चालेल का ही काळजी तुम्ही नाही, मालकाने करायची.

स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का (डिपॉझिटवर धरलेलं १० टक्के व्याज पण त्यात मिळवतात) आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये, घरबसल्या ऑनलाइन होतं, आणि एवढे पैसे वाचवायला लोक पन्नास-साठ लाखांचं घर ह्या भानगडीत घालतात, मला खरंच समजत नाही. तुम्ही ८ दिवसांत निघू नका, पण भाडं एक दिवस पण चुकवू नका, आणि त्याचा 'निघा' वाला मेसेज डिलीट करू नका. मालक मात्र आता रजिस्टर करून देतो म्हणाला तर अडून बसू नका, करून घ्या, तुम्हालाही ते बरं.

प्रश्न : पुण्यात पेठेतल्या वाड्यात आम्ही आजोबांपासून भाड्याने आहोत. महिना भाडं फार थोडं, तीन आकडी. जुने मालक वारले, मुलगा आठ महिने झाले भाडंच घेत नाही. गेलं की म्हणतो नंतर बघू, पावती पुस्तक सापडत नाही. काल वकिलाची नोटीस आली की तुम्ही थकबाकीदार आहात! हे असं कसं?

असंच असतं, जुनी युक्ती आहे ही. भाडं घ्यायचं नाही, पावती द्यायची नाही, आणि सहा-आठ महिन्यांनी नोटीस की भाडं थकलं. पेठांमधल्या निम्म्या वाड्यांच्या फायलींमध्ये पहिलं पान हेच असतं.

घाबरू नका, पण झोपूही नका. कलम १५ नीट समजून घ्या. जो भाडेकरू प्रमाण भाडं (म्हणजे कायद्याप्रमाणे ठरणारं भाडं) आणि परवानगी असलेली वाढ भरतोय किंवा भरायला तयार आहे त्याला थकबाकीच्या कारणावरून काढता येत नाही. मालकाने आधी लेखी नोटीस द्यायची, आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस जाईपर्यंत त्याला दावाच लावता येत नाही. म्हणजे काल आलेल्या नोटिशीपासून तुमच्या हातात ९० दिवस आहेत. ह्या आठवड्यातच आठ महिन्यांचं पूर्ण भाडं चेकने स्पीड पोस्टाने पाठवा, सोबत पत्र, की इतक्या तारखांना भाडं द्यायला आलो होतो, आपण घेतलं नाही, सोबत चेक जोडला आहे, पावती द्यावी. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका, तसंच फायलीला लावा. ते बंद पाकीट तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार, वकिलाने साक्षीच्या वेळी जजसमोर फोडायचं. पुढे पण दर महिन्याला तसंच पाठवत राहा, कंटाळा येतो हे मान्य, तरी पाठवा.

समजा तरीही दावा लागला, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत सगळी थकबाकी १५ टक्के साध्या व्याजाने आणि दाव्याच्या खर्चासकट कोर्टात भरली, आणि दावा संपेपर्यंत दर महिन्याचं भाडं भरत राहिलात, तर ह्या कारणावरून ताबा जात नाही. लोकांचं घोडं अडतं ते शेवटच्या भागात. पहिली रक्कम भरतात मोठ्या उत्साहाने, आणि मग दोन वर्षांनी वकील विचारतो की मधले महिने भरलेत का, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. लघुवाद न्यायालयात, म्हणजे जिथे हा दावा चालेल त्या कोर्टात, भरलेल्या प्रत्येक चलनाची झेरॉक्स घरी ठेवा.

मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ कलम ११ ने मिळते, त्याने ती नोटिशीत मागितली असेल तर त्यावर भांडू नका, तीन आकडी भाड्यावर ४ टक्के म्हणजे किती होतात ते तुम्हीच बघा. आणि पावती देणं मालकावर कलम ३१ ने बंधनकारक आहे, पुस्तक सापडत नाही ही सबब नाही.

प्रश्न : गिरगावात चाळीत आमची पागडीची खोली. बाबा गेल्यावर आई डोंबिवलीला माझ्याकडे राहते, तिच्या गुडघ्यांमुळे तीन जिने होत नाहीत. खोली बंद असते, आम्ही गणपतीत जातो, अधूनमधून साफसफाई करतो. मालकाने दावा टाकलाय की खोली वापरात नाही. भाडं वेळच्या वेळी भरतोय, मग काय अडचण आहे?

अडचण आहे, आणि मोठी आहे. भाडं भरणं वेगळं आणि वापर वेगळा. कलम १६ च्या इंग्रजी प्रतीतल्या एन खंडात असं आहे की ज्या कामासाठी जागा दिली त्यासाठी ती दाव्याच्या तारखेच्या आधी सलग सहा महिने वाजवी कारण नसताना वापरली नाही, तर मालकाला ताबा मागता येतो. मुंबईत रीडेव्हलपमेंट जवळ आलं की हे दावे वाढतात, कारण भाडेकरू कमी तेवढं मालकाला बरं.

ह्या दाव्यात साक्षीदारांपेक्षा विजेचं बिल जास्त बोलतं. मालकाचा वकील वीज कंपनीकडून गेल्या दोन-तीन वर्षांच्या युनिटचा उतारा मागवतो, आणि महिन्यामागून महिने शून्य, शून्य, दोन, शून्य असा रकाना दिसला, सप्टेंबरात तेवढे चौदा युनिट (तो तुमचा गणपती), की शेजारच्या काकूंनी 'हे लोक नेहमी येतात हो' असं सांगून फारसं होत नाही. मग गॅस सिलेंडरची बुकिंग कुठल्या पत्त्यावर, रेशन कुठे, मतदान कुठे, आधारवर पत्ता कोणता, आईचं औषध कोणत्या केमिस्टकडून, सगळं निघतं. आईला उलटतपासात विचारतील की दूधवाला कोण येतो, आणि ती बिचारी डोंबिवलीच्या दूधवाल्याचं नाव सांगेल.

तुमच्या हातात आहे ते 'वाजवी कारण'. आजारपण हे कारण होऊ शकतं, पण त्याचे कागद पाहिजेत, गुडघ्यांचे एक्स-रे, डॉक्टरने जिने चढू नका म्हणून लिहिलेलं, ऑपरेशन ठरलं असेल तर त्याची तारीख. आणि कोर्टाला हेही पटायला हवं की परत यायचा विचार खरा आहे, खोलीत भांडी, पलंग, चालू गॅस आहे. आई नाही तर तुम्ही किंवा भाऊ, वडील गेले तेव्हा त्यांच्यासोबत त्याच खोलीत राहत होतात का, हाही प्रश्न येणार, कारण राहत्या जागेची भाडेदारी मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे आधी जाते, तसं कुणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो.

कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल करायच्या आधी वकिलाला सगळं खरं सांगा. 'आई गिरगावातच राहते' असं प्रतिज्ञापत्रावर लिहायचा मोह अनेकांना होतो, आणि मग वीजबिलासमोर ते उघडं पडतं आणि खरं कारण होतं तेही बुडतं. आणि एक कानात सांगते, मालकाशी बोलायचं दार बंद करू नका. असे कितीतरी दावे शेवटी कन्सेंट टर्म्सवरच, म्हणजे दोघांनी लेखी तडजोड करूनच, मिटतात.

प्रश्न : साताऱ्यात आमचं दोन मजली घर, खालचा मजला १९८५ पासून भाड्याने. मुलाचं लग्न ठरलंय, जागा पुरत नाही. भाडेकरूने गावाबाहेर स्वतःचा फ्लॅट घेऊन तो भाड्याने दिलाय आणि आमच्याकडे राहतो! त्याला सरळ बाहेर काढता येईल का?

सरळ नाही, पण केस चांगली आहे. तुमचं कारण म्हणजे कलम १६ चा इंग्रजी प्रतीतला जी खंड, स्वतःच्या राहण्यासाठी वाजवी आणि खरीखुरी गरज. त्यात दोन पायऱ्या. आधी गरज खरी आहे हे दाखवायचं, म्हणजे घरात माणसं किती, खोल्या किती, लग्न ठरल्याचं काय आहे, दुसरी जागा तुमच्या नावावर आहे का (असेल तर लपवू नका, निघतेच). मग दुसरी पायरी, हुकूम दिला तर जास्त अडचण कुणाची आणि नाही दिला तर कुणाची. त्याचा फ्लॅट तिथे कामाला येतो. ज्याचं स्वतःचं घर आहे आणि तेही भाड्याने दिलंय, त्याला 'मी रस्त्यावर येईन' म्हणता येत नाही. म्हणून त्या फ्लॅटचा इंडेक्स टू काढून ठेवा, तो कुणालाही मिळतो. मात्र कोर्टाला वाटलं तर ते अर्धीच जागा पण देऊ शकतं, तयारी ठेवा.

आणि जिंकल्यावरची अट विसरू नका. कलम १७ प्रमाणे ताबा मिळाल्यावर एक महिन्यात तुम्ही तिथे राहायला गेलं पाहिजे, आणि एक वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिलं तर जुना भाडेकरू कोर्टात जाऊन परत ताबा मागू शकतो. लग्न ह्या मे मध्ये असेल तर त्याच्या आधी ताबा मिळेल ह्या आशेवर हॉल बुक करू नका, खालचं कोर्ट, मग जिल्हा न्यायालयात अपील, मग हायकोर्ट, हे सगळं व्हायला मुलाला मूल होईल.

प्रश्न : भाडेकरू सलग १२ वर्षं राहिला की घर त्याच्या नावावर होतं हे खरं का? मी म्हणून दर ११ महिन्यांनी लोक बदलते. (ठाणे)

नाही हो. १२ वर्षांची गोष्ट मालकाच्या विरोधात, उघडपणे, स्वतःचा हक्क सांगून ताबा ठेवणाऱ्याची. भाडेकरू तुमच्या परवानगीने राहतो, त्याने ५० वर्षं भाडं भरलं तरी तो भाडेकरूच. चांगली माणसं मिळाली असतील तर राहू द्या की, नवीन करार तेवढा दर वेळी मुदत संपायच्या आत रजिस्टर करा.

प्रश्न : आत्या अविवाहित, तिच्या नावावर भाड्याची खोली होती. तिने मृत्युपत्रात खोली मला दिली. मी तिच्याजवळ राहत नव्हतो. मालक म्हणतो मृत्युपत्र चालणार नाही. (नागपूर)

ह्या वेळी मालक बरोबर आहे. वसंत प्रताप पंडित विरुद्ध अनंत त्रिंबक सबनीस ह्या १९९४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही. तो निकाल जुन्या मुंबई भाडे कायद्यावरचा, पण तत्त्व आजही तेच धरतात. आत्यासोबत मृत्यूच्या वेळी कुटुंबातलं कुणी राहत होतं का ते बघा, तुमचा दुसरा भाऊ-बहीण वगैरे, त्याचा हक्क मृत्युपत्राशिवाय उभा राहू शकतो.

प्रश्न : मालकाने आमचं पाणी बंद केलंय, म्हणतो मोटर बिघडली, पण वरच्या मजल्यावर पाणी चालू आहे. पोलीस म्हणतात सिव्हिल मॅटर आहे. काय करायचं? (कोल्हापूर)

कलम २९. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, संडासाची सोय, ह्यातलं काहीही मालकाला रास्त कारणाशिवाय तोडता येत नाही, आणि तुम्ही कोर्टात अर्ज केला की कोर्ट अंतरिम आदेश देऊन आधी सोय चालू करायला लावू शकतं. तोडणं हा गुन्हाही आहे. वरच्या मजल्यावरचा चालू नळ आणि तुमचा कोरडा नळ एकाच व्हिडिओत घ्या, मोबाईलमध्ये तारीख-वेळ दिसू द्या, टँकर मागवला असेल तर त्याची पावती. मोटर खरंच बिघडली म्हणून दाखवायला तो एखाद्या प्लंबरला उभा करेल, त्याच्या आधी हे झालेलं बरं.

प्रश्न : आमच्या वाड्याला महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागलीय. मालक म्हणतो वाडा पडला की तुमचा हक्क पण पडला, मुकाट्याने पैसे घ्या आणि सही करा. किती खरं? (पुणे)

पैसे किती देतोय ते लिहिलं नाहीत, पण सही आज करू नका. इमारत गेली की भाडेदारी गेली असं पूर्वी बरेच जण म्हणायचे, पण शहा रतनसी खिमजी ह्यांच्या प्रकरणात २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन जजेसनी सांगितलं की भाडेकरूचा हक्क फक्त भिंतींवर नसतो, खालच्या जमिनीवरही असतो, त्यामुळे बांधकाम पाडलं म्हणून भाडेदारी आपोआप संपत नाही. ते प्रकरण सांगली-मिरज भागातलं, पालिकेने पाडलेल्या इमारतीचं.

पण म्हणून पडक्या वाड्यात हट्टाने बसून राहू नका, पावसाळा आहे, भिंत हायकोर्टाच्या तारखेची वाट बघत नाही. नोटीस खोटी वाटत असेल तर स्वतः स्ट्रक्चरल इंजिनिअर आणून रिपोर्ट घ्या आणि पालिकेला द्या, असं घडतं की दुरुस्तीने भागणारी इमारत मालकाच्या सोयीने धोकादायक ठरते. नोटीस खरी असेल तर बाहेर पडा, पण पडायच्या आधी पालिकेच्या अभियंत्याला लेखी अर्ज देऊन तुमच्या खोल्यांचं मोजमाप आणि भाडेकरूंची यादी नोंदवून घ्या, अर्जावर आवक शिक्का पाहिजे. प्रत्येक खोलीत टेप लावून, टेपचे आकडे दिसतील असे फोटो काढा, पोटमाळा आणि मोरी पण सोडू नका, नंतर भांडण नेमकं त्या चार-सहा फुटांवरच होतं. बाहेर पडताना मालकाला एका ओळीचं पत्र पाठवा, की पालिकेच्या नोटिशीमुळे जागा तात्पुरती रिकामी करत आहोत, भाडेकरू म्हणून हक्क सोडलेला नाही. किल्ली त्याच्या हातात पावतीशिवाय देऊ नका.